उजळणी : पंतोजींच्या शाळेत काय होतं आणि आपण काय टाकलं

मागचे काही भाग आपण किल्ले, मोहिमा आणि तह यांत घालवले. आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, कर्नलसाहेब वाट चुकले. पण अभ्यास लक्षात कसा राहतो यालाही इतिहास आहे, आणि त्यातला बराचसा आपल्या मराठी मुलखातला आहे.

इथे रायपूरला, आमच्या शंकर नगरात, संध्याकाळी फिरायला निघालं की क्लासला जाणारी मुलं दिसतात. पाठीवर जड दप्तर, हातात छापील नोट्स, आणि नोट्सवर पिवळ्या-हिरव्या रंगाच्या रेघा. कुणी नीटच्या तयारीत, कुणी राज्यसेवेच्या. विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: ‘अंकल, चार बार पढ़ लिया, पर याद नहीं रहता.’ आईबाप पोटाला चिमटा काढून फी भरतात आणि मूल चार वेळा वाचून रिकामं राहतं. या मुलांना मेंदू कमी आहे असं मला वाटत नाही. त्यांना एक जुनी गोष्ट कुणी सांगितलेली नाही, एवढंच.

ती गोष्ट एका शब्दात आहे. उजळणी. भांडं घासून उजळतात तसा शिकलेला धडा पुन्हा उजळायचा. मोल्सवर्थ नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ साली मराठी-इंग्रजी कोश छापला. आमच्याच पेशातला माणूस, म्हणून मला त्याचं जरा जास्त कौतुक. त्या कोशात शिकण्याशी निगडित शब्दांची रांग सापडते: संथा, पाठ, घोकणे, उजळणी, परवचा. आज आपण या सगळ्यांवर ‘पाठांतर’ असा एकच शिक्का मारतो आणि मोकळे होतो. पण ज्या समाजाने वेगवेगळे शब्द ठेवले, त्याला त्या कामांतला फरक कळत होता. संथा म्हणजे गुरूच्या तोंडून घेतलेला धडा. घोकणे म्हणजे तोच पुन्हा पुन्हा म्हणणे. उजळणी म्हणजे मागे शिकलेल्याकडे परत जाणे. आणि परवचा म्हणजे दिवेलागणीला, पाटी-पुस्तक न बघता, पाढे मोठ्याने म्हणणे.

आता पंतोजींच्या शाळेत जाऊ. देवळाची ओसरी नाहीतर कुणाच्या वाड्याची पडवी. फळ्यावर धूळ पसरून त्यात बोटाने अक्षर काढायचं, म्हणून धुळाक्षर. हात बसला की बोरू, शाई आणि कित्ता, पुढे मोडी वळण. गणितात आधी अंक, मग पाढे, आणि पूर्ण अंकांचे पाढे झाले की अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. सतरा दिडे साडेपंचवीस, सतरा औटे साडेएकोणसाठ, हे दहा-बारा वर्षांच्या पोराला कागद न घेता यायचं.

हे कशासाठी? रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे चार पावशेर, पायलीचे चार शेर, मणाचे चाळीस शेर. सगळा व्यवहार पाव आणि निम्म्यात. सव्वा रुपया शेर भावाने सतरा शेर माल घेतला तर सवायकी म्हणायची, सव्वा एकवीस रुपये, विषय संपला. ज्याला हे येत नव्हतं त्याला सावकार आणि वाणी दोघेही फसवायचे. म्हणजे ही पोपटपंची नव्हती. पोटाचं शस्त्र होतं.

हे फक्त मराठी मुलखात होतं असंही नाही. आमच्या छत्तीसगडात जुन्या हिंदी शाळेत शिकलेल्या म्हाताऱ्यांना सवैया, डेढ़ा, अढ़ैया विचारा. पुढे हूँठा म्हणजे साडेतीन, ढौंचा म्हणजे साडेचार, पहुँचा म्हणजे साडेपाच. आमची औटकी आणि त्यांचा हूँठा एकाच घरातली भावंडं. भोसल्यांच्या काळात मराठे इथे आले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून कारभार केला, आणि १८१८ साली इंग्रजी देखरेखीत मुख्य ठाणं रतनपुराहून रायपूरला आलं. मराठी कारकून आणि इथला मुनीम एका ओसरीवर बसले असतील, तर हिशेबाची भाषा शिकवायला कुणाला दुभाषा लागला नसेल असं मला वाटतं.

परवच्याचं मर्म कशात आहे, ते आता बघा. संध्याकाळी उजेड कमी, पाटी बाजूला, समोर लिहिलेलं काही नाही. जे काय आहे ते डोक्यातून बाहेर काढायचं. आणि काल म्हटलेलं आज पुन्हा, आज म्हटलेलं उद्या पुन्हा. मधे एक रात्र गेलेली, थोडं विसरलेलं. म्हणजे न बघता आठवणं आणि मधे खंड ठेवून आठवणं, ही दोन्ही कामं रोज आपोआप होत होती.

याचा अर्थ ती शाळा स्वर्ग होती असा मुळीच नाही. छडी होती, अंगठे धरणं होतं, त्याहून वाईट शिक्षा होत्या. शिवाय परवच्यात एक ढळढळीत दोष होता. सगळे एका सुरात म्हणतात तेव्हा मागच्या रांगेतला नुसते ओठ हलवून सुटतो. परेडवर गाणं म्हणत चालणाऱ्या कंपनीत असे दहा तरी जवान मला दरवेळी सापडायचे. दुसरं, पाढा साखळीसारखा पाठ झाला की कडी मधूनच उचलता येत नाही. ‘आठ साते?’ विचारलं की पोरगं मनात आठ एके आठपासून जिना चढतं. हुशार पंतोजी म्हणून मधूनच विचारायचा, उलटा पाढा म्हणायला लावायचा. आणि उरलेलं काम दुकान करायचं. गिऱ्हाईक काही पाढ्याच्या क्रमाने येत नाही.

या शाळेतली एक चाल थेट विलायतेला गेली. अँड्र्यू बेल हा पाद्री मद्रासला एग्मोरच्या अनाथाश्रमात होता. गोऱ्या सैनिकांच्या मुलांची ती संस्था. देशी शाळेत मुलं वाळूत अक्षरं काढून शिकतात हे त्याने पाहिलं आणि आपल्याकडे सुरू करायला सांगितलं. शिक्षकांनी नाकं मुरडली. मग त्याने फ्रिस्किन नावाच्या आठ वर्षांच्या पोरालाच खालच्या वर्गाला शिकवायला बसवलं, आणि ते जमलं. १७९७ साली बेलने यावर पुस्तक छापलं. मोठ्या मुलाने लहानाला शिकवायचं, ही पद्धत इंग्लंडभर ‘मद्रास पद्धत’ म्हणून पसरली. थोड्या वर्षांनी मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या काळात, १८२२ साली, देशी शाळा आणि शाळापुस्तकांसाठी मंडळी स्थापन झाली. तिचा चिटणीस कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस, हाही लष्करी इंजिनियर. त्याने मराठीत गणिताची पुस्तकं तयार करवली. आपल्याच ओसरीवरची चाल विलायती शिक्का घेऊन आपल्याकडे परत आली, असं म्हटलं तर फार वावगं होणार नाही.

शिकवताना लक्षात का राहतं? कारण शिकवणाऱ्याला पान बघून वाचत बसता येत नाही. समोरचा ‘का?’ म्हणतो आणि आपल्याला आतून उत्तर काढावं लागतं. मी अकादमीत जे शिकलो त्यातलं निम्मं विसरलो. जे जवानांना शिकवलं ते सत्तरीच्या उंबरठ्यावरही आठवतं.

पंतोजींच्या शाळेहून फार जुनी आणि फार कडक अशी दुसरी परंपरा वेदपाठशाळांची. नाशिक, त्र्यंबकेश्वर, आळंदी, पुणे इथे ती आजही चालू आहे. युनेस्कोने २००३ साली वेदपठणाच्या परंपरेला मानवतेचा मौखिक आणि अमूर्त वारसा म्हणून गौरवलं आणि २००८ साली यादीत घेतलं. एकट्या ऋग्वेदात दहा हजारांहून अधिक ऋचा. हे सगळं शतकानुशतकं तोंडी टिकलं. कसं?

गुरू एकदा म्हणतो, शिष्य दोनदा म्हणतो. ही झाली संथा. पण पुढची करामत शब्दांच्या मांडणीत आहे. मंत्र बाजूला ठेवू आणि एक साधं वाक्य घेऊ: ‘आज सकाळी पाऊस आला.’ हे सलग म्हणणं म्हणजे संहिता. एकेक शब्द तोडून म्हणणं म्हणजे पदपाठ. क्रमपाठात जोड्या होतात: आज सकाळी, सकाळी पाऊस, पाऊस आला. जटापाठात प्रत्येक जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट: आज सकाळी, सकाळी आज, आज सकाळी. मग पुढची जोडी. आणि घनपाठात आज सकाळी, सकाळी आज, आज सकाळी पाऊस, पाऊस सकाळी आज, आज सकाळी पाऊस. असं करत शेवटपर्यंत. जटा, माला, शिखा, रेखा, ध्वज, दंड, रथ, घन अशा आठ रचना सांगितल्या जातात.

तोफखान्यातल्या माणसाला हे ऐकून लगेच काहीतरी आठवेल. वायरलेसवर गोळामारीचा हुकूम आला की घेणारा तो शब्दन् शब्द परत म्हणून दाखवतो. चुकीचा आकडा गेला तर गोळा आपल्याच माणसांवर पडतो. (म्हणूनच ‘रिपीट’ हा शब्द वायरलेसवर नुसतं ‘पुन्हा सांगा’ या अर्थाने वापरायचा नसतो. तोफखान्यात त्याचा अर्थ ‘पुन्हा मारा’ असा होतो!) जटा आणि घन हेही चूक पकडण्याचं जाळं आहे. एक शब्द इकडचा तिकडे झाला की पुढच्याच फेरीत अडखळतो. त्यात आणखी एक बारकावा आहे. शब्द उलटे केले की संस्कृतातले संधी बदलतात. त्यामुळे नुसत्या लयीवर तरंगणाऱ्याला जटा म्हणताच येत नाही. शब्द कुठे सुरू होतो, कुठे संपतो, हे माहीत असावंच लागतं. पाढा उलटा म्हणायला लावणारा पंतोजी छोट्या प्रमाणात हेच करत होता.

मात्र या पद्धतीचा हेतू एकच होता, अक्षर हलू नये. अर्थ कळो न कळो. त्यावर पहिला फटका याच परंपरेतल्या यास्काने मारला आहे. वेद पाठ करून अर्थ न जाणणाऱ्याला निरुक्तात त्याने भार वाहणाऱ्या खांबाची उपमा दिली. म्हणजे ‘अर्थाशिवाय पाठांतर’ ही टीका इंग्रजांनी आणली, हा समज सोडून द्या. दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. हे तंत्र कुणाला मिळालं? बायकांना नाही, बहुजनांना नाही. त्यांची स्मरणशक्ती जात्यावरच्या ओव्यांत आणि हरिपाठात कामाला लागली, आणि तिथेही काही कमी पडली नाही. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या कविता त्यांच्या मागे, १९५२ साली, पुस्तकात आल्या.

ही भिंत ओलांडणारी बाई म्हणजे पंडिता रमाबाई, जन्म १८५८. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे. तरुणपणी पुण्याला त्यांचे गुरू दुसऱ्या बाजीरावाच्या राणीला संस्कृत शिकवत, ते पाहून आपल्या घरातल्या बाईनेही शिकावं असं त्यांच्या मनाने घेतलं. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी शिकवलं आणि त्यापायी पंडितांना जाब द्यावा लागला. रमाबाई शिकायच्या वयाच्या झाल्या तोवर शास्त्रीबुवा थकले होते. मग आईने मुलीला शिकवलं. कुटुंब तीर्थक्षेत्रांतून फिरत होतं, पुराण सांगून पोट भरत होतं. पहाटे, दिवसाची कामं सुरू होण्याआधी, आई लेकीला उठवून पाठ द्यायची. ठरलेलं घर नाही, शाळा नाही, वही नाही. पाठ आईच्या तोंडून यायचा आणि मुलीच्या तोंडून परत जायचा.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. १८७८ साली रमाबाई भावाबरोबर कलकत्त्याला पोचल्या. तिथल्या पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली, त्यांनी संस्कृतातच उत्तरं दिली, आणि ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. माझ्या मते या गोष्टीचा गाभा त्या सभेत आहे. भागवत मुखोद्गत असणारे त्या सभेत आणखीही असतील. पण अनोळखी प्रश्न आल्यावर त्या साठ्यातून हवं ते काढून, जुळवून, नव्या वाक्यात मांडणं ही वेगळी ताकद आहे. नुसत्या घोकण्याने ती येत नाही. पुढे १८८२ साली हंटर कमिशनपुढे याच बाईंनी स्त्रियांसाठी स्त्री शिक्षक आणि स्त्री डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली.

मग बिघडलं कुठे? मला वाटतं, छापील पुस्तक आणि लेखी परीक्षा एकदम आल्या तेव्हा. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघालं, १८५९ साली पहिली मॅट्रिक झाली. पुस्तक हाताशी आलं ही फार मोठी गोष्ट, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुस्तक उघडं ठेवून पुन्हा पुन्हा वाचता येऊ लागलं आणि परवचा गेला. परीक्षा वर्षातून एकदा, म्हणून उजळणी आदल्या महिन्यावर आली. जुन्या पाच शब्दांतला एकच, घोकणे, तेवढा उरला आणि त्याचीही घोकंपट्टी झाली. पुढच्या पिढ्यांनी घोकंपट्टीला शिव्या दिल्या, त्या योग्यच होत्या. पण त्याच सपाट्यात परवचाही ‘मागासलेला’ ठरवून टाकला, ते मात्र मला पटत नाही.

गंमत अशी की आपण परवचा टाकत होतो तेव्हा जर्मनीत एक माणूस तो मोजत होता. हेर्मान एबिंगहाउस. त्याने अर्थहीन अक्षरांच्या याद्या स्वतःच पाठ केल्या आणि किती विसरलो ते वर्षानुवर्षं तपासलं. १८८५ साली ते छापलं. तासाभरात निम्म्याहून अधिक गळतं, दिवसाअखेर सुमारे एक तृतीयांश उरतं. पण पुढे घसरण मंदावते, महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक असतो. आणि आपल्या कामाची गोष्ट ही: एकाच बैठकीत ६८ आवृत्त्या करून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागून ३८ आवृत्त्यांत साधलं. जवळजवळ निम्मी मेहनत वाचली. रोजचा परवचा हेच करत होता, फक्त त्याला आलेख नव्हता.

दुसरा प्रयोग अमेरिकेतला, २००६ सालचा. रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी तपासलं तर पुन्हा वाचणारे थोडे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने तपासलं तर पारडं फिरलं. पुन्हा वाचणारे ४२ वर, आठवून लिहिणारे ५६ वर. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात चार वेळा वाचणारे आठवड्याने ४० वर उतरले, आणि एकदा वाचून तीनदा आठवणारे ६१ वर होते. यातली फसगत पाहा. आपल्याला खूप लक्षात राहील असा भरवसा चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. डोळ्यांना ओळखीचं वाटणं आणि डोक्यातून काढता येणं यात फरक आहे. शंकर नगरातल्या त्या ‘चार बार पढ़ लिया’चं उत्तर या आकड्यांत आहे.

फौजेत ही चाल कधी मोडली नाही, कारण तिथे विसरण्याची किंमत रक्ताने मोजतात. शस्त्राच्या कोणत्याही पाठाची सुरुवात नव्या माहितीने होत नाही. आधी ‘दोहराई’, म्हणजे मागच्या पाठावर प्रश्न. तेही आधी प्रश्न सगळ्या वर्गाला, मग थोडं थांबून एकाचं नाव. नाव आधी घेतलं तर बाकीचे एकोणतीस जण निवांत होतात. परवच्यात ओठ हलवणाऱ्याचा बंदोबस्त हाच. मग रायफल खोलणं-जोडणं, आधी बघून, नंतर डोळ्यांवर पट्टी बांधून. खेड्यातून आलेला, आठवी शिकलेला पोरगा काही आठवड्यांत अंधारात शस्त्र जोडतो. त्याला कुणी पिवळ्या रेघा मारलेल्या नोट्स दिलेल्या नसतात.

आमच्या कॉलनीतली तीन-चार मुलं आता रविवारी माझ्या ओसरीवर येतात. आठवड्यात वाचलेला एक धडा घ्यायचा, पुस्तक माझ्याकडे जमा करायचं, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून गळलेलं लाल पेनाने भरायचं. बुधवारी तोच धडा पुन्हा, पण आता एकाने दुसऱ्याला समजवायचा. पहिल्या रविवारी चिडचिड होते, कारण कागद अर्धाही भरत नाही. त्यांच्यातली एक मुलगी रायपूरची, घरी छत्तीसगढी बोलणारी, बारावीत आहे. तिने आजोबांना सवैया विचारला तर त्यांनी जेवता जेवता पंचवीसपर्यंत म्हणून दाखवला. शाळा सुटून त्यांना साठ वर्षं झाली आहेत. परवा ती वही घेऊन आली होती, ढौंचा आणि पहुँचा उतरवून. आमच्या औटकीच्या पुढे मराठीत काय म्हणतात, असं तिने विचारलंय.